सोलापूरचे वसतिगृह (१९२५) आणि लोकाभिमुख विद्यापीठाचा विचार

आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत अलीकडे काही नवे शब्द आले आहेत. क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग प्रकल्प, कार्यप्रशिक्षण हे ते शब्द होत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये जी श्रेयांकांची चौकट ठरविली, तीत या सर्वांना स्थान मिळाले आहे, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतील पदवी अभ्यासक्रमांनाही ती लागू झाली आहे. विद्यार्थ्याने केवळ वर्गात बसून न शिकता हाताने काम करून शिकावे, आणि विद्यापीठाने आपल्या परिसरातील लोकजीवनाशी नाते जोडावे, हा त्यामागील हेतू आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु हा विचार आपल्याकडे आजच प्रथम आला, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. तो १९२५ मध्येच सोलापुरात एका वसतिगृहाच्या रूपाने उभा राहिला होता. त्या वसतिगृहाची आठवण ठेवून आजच्या चौकटीकडे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सभेची उद्दिष्टे आणि सोलापूरचे वसतिगृह

९ मार्च १९२४ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलाविलेली सभा भरली, आणि तिच्या विचारविनिमयातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हे होतेच. त्याशिवाय वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग यांच्याद्वारे संस्कृतीचा प्रसार करणे, औद्योगिक व शेतकी शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारणे आणि अस्पृश्य वर्गाची गाऱ्हाणी मांडणे, हीही उद्दिष्टे होती. आज ज्यांना आपण स्वतंत्र योजना व स्वतंत्र खाती समजतो, ती सारी कामे येथे एकाच संस्थेच्या एकाच घटनेत आली होती. ग्रंथ, हाताचा व्यवसाय आणि न्यायाची मागणी यांची फारकत करून अस्पृश्यांचे भागणार नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

या सभेने ४ जानेवारी १९२५ पासून सोलापूर येथे अस्पृश्य वर्गातील हायस्कुलांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालविण्यास प्रारंभ केला. मुलांचे जेवण, कपडे व लेखनसाहित्य यांचा खर्च सभा करीत असे. सोलापूरच्या नगरपालिकेने त्यासाठी ४० रुपयांचे अनुदान मंजूर केले. सभेच्या प्रोत्साहनाने या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले.

वरवर पाहता या तीन साध्या नोंदी आहेत. परंतु प्रत्येकीचा अर्थ निराळा आहे. जेवण, कपडे व पाटी-पुस्तके यांची तरतूद झाली, म्हणजे शिकण्याची पूर्वअट मान्य झाली. उपाशी मुलाला शिक्षणाची गोडी लावता येत नाही, हे येथे कोणी व्याख्यान देऊन सांगितले नाही. त्याची व्यवस्था केली. नगरपालिकेचे अनुदान मिळाले, म्हणजे हे काम कोणाच्या दयेचे नसून गावाच्या सार्वजनिक निधीवर अस्पृश्य मुलांचाही हक्क आहे, हे रकमेने लहान पण तत्त्वाने मोठे सत्य कागदावर आले. आणि मासिक निघाले, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना अक्षर निषिद्ध होते त्यांची मुले केवळ वाचू लागली असे नव्हे, तर आपल्याविषयी स्वतः लिहू लागली. प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण यापेक्षा वेगळे ते काय असते?

पुढे १४ जून १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम आवरते घेऊन भारतीय बहिष्कृत समाज शिक्षण प्रसारक मंडळाची स्थापना करण्यात आली. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरच्या नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. तेरा वर्षांपूर्वी ज्या संस्थेने ४० रुपयांचे अनुदान दिले, तिनेच आता त्यांचा गौरव केला, ही गोष्ट सोलापूरच्या इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे.

विद्यापीठाचा दरवाजा

येथे एक शंका संभवते. हायस्कूलच्या मुलांचे वसतिगृह आणि विद्यापीठ यांचा संबंध काय? संबंध अगदी निकटचा आहे. मुंबई विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू सर चिमणलाल सेटलवाड हेच बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष होते. आणि सभा स्थापन झाल्यावर चार आठवडेही पूर्ण होण्यापूर्वी, १५ ऑगस्ट १९२४ रोजी, बाबासाहेबांनी विद्यापीठ सुधारणा समितीच्या प्रश्नावलीला आपले लेखी उत्तर सादर केले. विद्यापीठ हे केवळ परीक्षा घेणारे व पदव्या देणारे कार्यालय असू नये. अध्यापन आणि संशोधन यांची तेथे सांगड असावी, असा त्या निवेदनाचा आशय होता. पुढे १९२७ मध्ये मुंबई विद्यापीठ विधेयकावरील चर्चेत त्यांनी विधिमंडळात मागासवर्गीयांच्या सिनेटवरील प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला आणि उच्च शिक्षण गरजू व गरीब लोकांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कार्य असल्याचे सांगितले. एकाच कालखंडात एकाच विचारवंताने एका हाताने वसतिगृह उभारले आणि दुसऱ्या हाताने विद्यापीठाच्या घटनेची चिकित्सा केली. वस्तीतील मूल जोवर विद्यापीठाच्या दरवाजापर्यंत पोहोचत नाही, तोवर विद्यापीठाचे वस्तीशी नाते जुळणे शक्य नाही, हा त्या दोन्ही कार्यांना जोडणारा धागा होय.

तो दरवाजा त्या काळी किती दूर होता याचीही कल्पना असावी. १९२५ मध्ये सोलापुरात महाविद्यालय नव्हते. दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये निघाले. विद्यापीठ तर प्रथम मुंबईचे, मग १९४९ पासून पुण्याचे आणि १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी मिळाले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले हे विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. वसतिगृहापासून जिल्ह्याच्या विद्यापीठापर्यंतचा हा प्रवास जवळजवळ ऐंशी वर्षांचा आहे.

हात आणि सूत

कृतीतून शिक्षण या विचाराचे आधुनिक प्रवर्तक म्हणून अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे नाव घेतले जाते. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात असताना बाबासाहेब त्यांचे विद्यार्थी होते, आणि हे ऋण त्यांनी जातिसंस्थेवरील आपल्या १९३६ च्या सुप्रसिद्ध निबंधात मोकळेपणाने मान्य केले आहे. ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळा-शाळा सुरू केली. तेथील मुलांना कापूस व लोकर हातात देण्यात आली. कापसाच्या बोंडातून सरकी वेगळी करण्याचा प्रयत्न एका गटाने अर्धा तास केला, तेव्हा एक औंसही कापूस निघाला नाही. लोकरीच्या मानाने सुती कापडाचा धंदा मागे का राहिला, हे त्या मुलांना पुस्तकातून नव्हे तर आपल्या बोटांतून कळले.

सोलापूर हे सुताचे शहर आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली, लोक जिला 'जुनी मिल' म्हणतात ती गिरणी, तेलंगणातून येऊन स्थायिक झालेले पद्मशाली विणकर, पुढे नावारूपास आलेली चादर व टॉवेल यांमुळे येथील मुलाला कापसाची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. परंतु याच सुताच्या संदर्भात आपल्या समाजाचा अनुभव शिकागोच्या मुलांच्या अनुभवाहून सर्वस्वी भिन्न होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात प्रवेश नसे. कारण असे की, धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड लावणार नाही, म्हणून अस्पृश्याला माग चालविणे शिकताच येत नसे. अधिक मजुरीचे हे खाते त्याला बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि अस्पृश्यांना विणाई खात्यात प्रवेश मिळावा असा आग्रह धरला.

या उदाहरणाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. माग चालविण्याची विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती जुन्या विणकराशेजारी उभे राहूनच मिळत असे. म्हणजे कृतीतून शिकण्यास प्रथम कृतीच्या जागी प्रवेश हवा, आणि अस्पृश्यतेने नेमका तोच प्रवेश नाकारला होता. जातिसंस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन धोट्याच्या त्या लहानशा छिद्रातून स्पष्ट दिसते.

म्हणूनच बाबासाहेबांनी हाताच्या शिक्षणाची मागणी सातत्याने केली. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. १९३० मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालात वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांच्याबरोबरच गिरण्या व रेल्वे कारखाने यांत औद्योगिक शिक्षण घेणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्यांची शिफारस होती. १९४२ मध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी मदत आणि सरकारी छापखाने व रेल्वे कारखाने यांत उमेदवारीची संधी मागितली. आजच्या भाषेत यालाच आपण कार्यप्रशिक्षण म्हणतो.

मात्र हाताचे शिक्षण म्हणजे उच्च शिक्षणाला पर्याय, असे त्यांनी कधीही मानले नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांतही हा वाद झाला होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये सुरू झालेल्या टस्कीगी येथील संस्थेत विद्यार्थ्यांकडून विटा भाजून इमारती उभ्या केल्या आणि औद्योगिक शिक्षणावर भर दिला. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचे म्हणणे असे की, केवळ हातकामावर थांबलेले शिक्षण गुलामगिरीतून सुटलेल्या समाजाला पुन्हा खालच्या पायरीवरच ठेवील. याच डुबॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत घरोघर जाऊन चौकशी केली आणि १८९९ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वस्तीचा अभ्यास त्याच समाजातील विद्वानाने केल्यामुळे दोष वस्तीचा नसून तिला घेरणाऱ्या व्यवस्थेचा आहे, हे त्यात मांडले गेले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. हात आणि मेंदू या दोहोंचा एकाच माणसावर हक्क आहे, ही दोघांचीही भूमिका होती.

विहार, विणकर आणि विद्या

विद्या आणि लोकजीवन यांची सांगड बौद्ध परंपरेला नवी नाही. नाशिकच्या लेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची अक्षय ठेव ठेवली, ती कोणत्याही राजभांडारात नव्हे, तर गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. त्यातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला गेला, असेही लेखात म्हटले आहे. विणकराच्या श्रमावर विहार उभा होता, आणि त्या देण्याघेण्याचा हिशोब गावासमोर उघड होता. सोलापूरच्या शेजारील धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हेही कापडाच्या व्यापाराचे केंद्र असल्याचे ग्रीक प्रवासवर्णनातून कळते, आणि तेथे उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत. सुताची पेठ आणि संघाचे स्थान जवळजवळ असणे हा केवळ योगायोग नव्हे.

भिक्षूची रोजची पिंडपाताची फेरी हाही एक प्रकारे विद्येचा लोकांशी नित्य संबंध होता. ज्याच्या दारात सकाळी उभे राहायचे त्याचे सुखदुःख न जाणता धम्म सांगता येत नसे. पुढे नालंदेसारख्या महाविहारांना शंभर, आणि इ-त्सिंगच्या सांगण्याप्रमाणे दोनशेहून अधिक, गावांचे उत्पन्न मिळू लागले. तेथील विद्वत्ता जगप्रसिद्ध झाली हे खरेच. पण अन्न दारात येऊ लागल्यावर गावात जाण्याचे रोजचे कारण किती उरले, हा प्रश्न आजच्या अनुदानित विद्यापीठांनीही स्वतःला विचारण्यासारखा आहे.

पालि परंपरेत परियत्ति, पटिपत्ति आणि पटिवेध, म्हणजे अध्ययन, आचरण आणि साक्षात्कार, अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीवर थांबणे म्हणजे शिक्षण पुरे होणे नव्हे. दीघनिकायातील सोणदण्ड सुत्तात प्रज्ञा व शील यांचे नाते सांगताना एका हाताने दुसरा हात धुण्याची उपमा येते. एकट्या हाताला स्वतःला धुता येत नाही. ग्रंथातील ज्ञान आणि वस्तीतील अनुभव यांचेही तसेच आहे.

हीच दृष्टी बाबासाहेबांनी संस्थारूपाने पुढे नेली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. लोकशाहीचा धडा तेथे घोकण्याऐवजी चालवून शिकला जाई. 'सरस्वती विलास' मासिकापासून विद्यार्थी संसदेपर्यंत एकच सूत्र दिसते: विद्यार्थी हा ऐकणारा नव्हे, करणारा आहे.

आजच्या चौकटीपुढील प्रश्न

या पार्श्वभूमीवर आजच्या समाजसहभाग प्रकल्पांकडे पाहू. याआधी २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती. तिच्या शिबिरांनी अनेक गावांत रस्ते, बंधारे व वृक्षलागवड यांची कामे केली. तथापि ती ऐच्छिक सेवा होती. आता वस्तीतील कामाला परीक्षेचे गुण जोडले गेले आहेत. दोन श्रेयांकांचा प्रकल्प म्हणजे साधारणतः साठ तासांचे काम. साठ तासांत विद्यार्थ्याला वस्ती कळेल काय, हा पहिला प्रश्न. परंतु त्याहून मोठा प्रश्न असा की, त्या साठ तासांत वस्तीला काय मिळेल?

धोका कशात आहे हे स्पष्ट बोलले पाहिजे. विद्यार्थी प्रश्नावली घेऊन येतो. बिडी वळणाऱ्या बाईला, यंत्रमागावरील कामगाराला, सफाई कामगाराला तो उत्पन्न, शिक्षण, व्यसने यांविषयी विचारतो. अहवाल बांधून विभागात जमा होतो, त्याला गुण मिळतात, आणि ज्या घराने वेळ दिला त्याला त्या अहवालाचे एक पानही दिसत नाही. अशा वेळी वस्ती ही शिकण्याची साथीदार न राहता शिकण्याचे साहित्य होते. शंभर वर्षांपूर्वी आपण शाळेच्या बाहेर बसविले गेलो होतो. आज अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला तो केवळ नमुना म्हणून, असे होता कामा नये.

सोलापूरच्या वसतिगृहाने या बाबतीत तीन कसोट्या घालून दिल्या आहेत, असे आम्हांस वाटते. पहिली कसोटी प्रवेशाची: प्रकल्प वस्तीवर आहे, पण वस्तीतील मुले त्या महाविद्यालयात आहेत काय, आणि त्यांच्या राहण्या-जेवणाची व शिष्यवृत्तीची व्यवस्था वेळेवर होते काय? दुसरी लेखणीची: प्रश्न कोणी ठरविले आणि लिहिले कोणी? वसतिगृहातील मुलांनी मासिक स्वतः चालविले होते, त्यांच्यावर कोणी मासिक काढले नव्हते. तिसरी परतफेडीची: नाशिकच्या शिलालेखाप्रमाणे देण्याघेण्याचा हिशोब लोकांसमोर जाहीर होतो काय? प्रत्येक अहवाल मराठीत, समजेल अशा भाषेत, त्या वस्तीत वाचून दाखविला जावा आणि त्याची प्रत तेथेच राहावी, एवढा साधा नियम विद्यापीठाने केला तरी पुष्कळ साधेल.

या कामी आपली विहारेही उपयोगी पडू शकतात. बहिष्कृत हितकारिणी सभेने उद्दिष्टांत सांगितलेली वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग यांची जागा आज अनेक वस्त्यांत विहाराने घेतली आहे, निदान घेतली पाहिजे. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी विहारात बसून ज्येष्ठ उपासक-उपासिकांकडून वसतिगृहांच्या, गिरण्यांच्या, पाणवठ्यांच्या व धम्मदीक्षेच्या आठवणी लिहून घ्याव्यात. जुनी हस्तपत्रके, सभांचे वृत्तान्त, छायाचित्रे यांची यादी करावी. आणि त्या बदल्यात वस्तीतील शाळकरी मुलांना दर आठवड्यास दोन तास शिकवावे. सोलापूर जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ आहे आणि त्याचे कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्याचे आहे, ही या कामाला अनुकूल गोष्ट होय. विद्यापीठ आणि वस्ती यांतील अंतर येथे आता मैलांचे राहिलेले नाही. जे अंतर उरले आहे ते मनाचे आहे.

४ जानेवारी २०२५ रोजी सोलापूरच्या त्या वसतिगृहाच्या प्रारंभाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याची स्मृती जपण्यासाठी मोठ्या समारंभाची आवश्यकता नाही. एखाद्या विहारात वस्तीतील विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले व स्वतः चालविलेले एक मासिक पुन्हा निघाले, आणि त्यात महाविद्यालयातील विद्यार्थी त्यांचे सहकारी म्हणून राबले, तर शताब्दीचे तेच योग्य स्मारक ठरेल.